पहिला घाणा परत

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. कारखान्यात सगळे त्यांना चाखणकर म्हणत. हे आडनाव गावावरून आलं नव्हतं, कामावरून आलं होतं. निरोपाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर नव्या व्यवस्थापकाने बिनदिक्कत ‘श्री. चाखणकर’ असं छापून आणलं, तेव्हा ते दुरुस्त करावं असं कुणालाही वाटलं नाही. खुद्द चाखणकरांनाही नाही.

कारखान्यात सॉस, जॅम आणि सुपांची पाकिटं बनत. चाखणकर तिथे चौतीस वर्षं चाखत होते. सकाळी साडेआठला पांढरा कोट घालायचा, स्टीलचा चमचा, कोमट पाण्याचा पेला आणि थुंकायचं इनॅमलचं भांडं मांडून बसायचं. चमचाभर सॉस तोंडात घ्यायचा, जिभेवरून मागे न्यायचा, टाळूला लावायचा, डोळे मिटून मनात पाच अंक मोजायचे आणि थुंकायचं. या पाच अंकांत समोरच्या कढईवाल्यांचा श्वास अडकलेला असे. मग चाखणकर डोळे उघडून म्हणत, “मीठ जरा कमी.”

हे ते रोज म्हणत. कारण कारखान्याच्या मूळ मालकांनी एक नियम घालून दिला होता: दिवसाचा पहिला घाणा पास करायचा नाही. पहिलाच घाणा पास झाला की कढईवाला दिवसभर पाय पसरून बसतो, असं त्यांचं मत होतं. मालक गेले, त्यांचा मुलगा गेला, कारखाना दुसऱ्यांनी घेतला, पण नियम तसाच राहिला. पहिला घाणा परत.

आता कढईवालेही काही दुधखुळे नव्हते. घाणा परत येणारच आहे म्हटल्यावर ते पहिल्या घाण्यात मूठभर मीठ राखूनच ठेवत. चाखणकर म्हणत मीठ कमी, ते म्हणत हो साहेब, आणि राखलेली मूठ कढईत जाई. दुसऱ्यांदा चाखून चाखणकर मान डोलावत. नियम पाळला जाई, सॉस ठीक होई, आणि सगळ्यांची अब्रू शाबूत राही. ही लबाडी इतकी जुनी आणि इतकी बिनबोभाट होती की तिला लबाडी न म्हणता पद्धत म्हणत.

निवृत्तीला सहा महिने राहिले असताना चाखणकरांना ताप आला. आठ दिवसांनी तो गेला आणि जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. आधी वाटलं, तोंड आलंय, येईल ठिकाणावर. महिनाभराने ते गुपचूप एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर मोजकं बोलणारे होते. म्हणाले, “येईल कदाचित.”

“कधीपर्यंत?”

“कदाचितला तारीख नसते,” डॉक्टर म्हणाले.

चाखणकरांनी हे कुणालाही सांगितलं नाही. आंधळ्या शिंप्याने किंवा बहिऱ्या घड्याळजीने जे केलं असतं तेच त्यांनी केलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले. सॉस तोंडात घेतला. जिभेवर काहीतरी गार आणि चिकट पडलं, एवढंच कळलं. त्यांनी पाच अंक मोजले आणि डोळे किलकिले करून थोरल्या कढईवाल्याकडे पाहिलं. थोरला निवांत कान खाजवत उभा होता. “मीठ जरा कमी,” चाखणकर म्हणाले. ते कमी होतंच, कारण मूठ राखलेली होती.

असे सहा महिने गेले. रोज ते कुठूनतरी तक्रार येण्याची वाट पाहत. एखादी आंबट निघालेली बाटली, एखादं भडकलेलं गिऱ्हाईक, काहीतरी. एकही तक्रार आली नाही. हे त्यांना फार लागलं. आपण चौतीस वर्षं जे काम करत होतो ते आपण नसतानाही, म्हणजे आपण खुर्चीत असून नसतानाही, तसंच होतंय, ही गोष्ट त्यांना चव जाण्यापेक्षाही कडू वाटली असती, जर त्यांना कडू कळत असतं तर.

निरोपाच्या भाषणात व्यवस्थापक म्हणाले, “अशी जीभ पुन्हा होणे नाही.” चाखणकरांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

घरी तीन खोल्या होत्या आणि तीन माणसं. चाखणकर, त्यांची बायको आणि सून. मुलगा बोटीवर इंजिन सांभाळायचा आणि चार-पाच महिन्यांनी एकदा उगवायचा. बायको मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाली होती. तिचा स्वभाव टाचणीसारखा होता: सरळ, बारीक आणि वेळप्रसंगी टोचणारा.

चाखणारा माणूस घरी गप्प जेवला तर संशय येईल म्हणून चाखणकर रोज काहीतरी मत देत. त्यासाठी त्यांनी एक तंत्र बसवलं होतं. बायकोने दुसरा घास घेईपर्यंत थांबायचं. तिने मिठाच्या बाटलीकडे हात नेला तर तिच्या आधी म्हणायचं, “मीठ कमी पडलंय.” नेला नाही तर म्हणायचं, “मिरी जरा पुढे आलीय.” मिरीबद्दल दोन माणसांचं कधीच एकमत होत नाही, त्यामुळे मिरी सुरक्षित होती. झाकली मूठ अशी तीन वर्षं झाकलेली राहिली.

सून नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होती. कचेरी बंद पडली आणि ती घरी बसली. सहा महिने तिने अर्ज केले आणि सहा महिने नकार वाचले. मग एके दिवशी मोबाइलवर बघून तिने तेरियाकी नावाचा गोड-खारट जपानी सॉस करायला घेतला. घरात कोंबडी आणि भात होता आणि भातावर घालायला काही नव्हतं, एवढंच कारण. पण हाताला नकाशांची सवय. सोया सॉस किती ग्रॅम, साखर किती, आलं-लसूण किती, व्हिनेगर किती चमचे, किती मिनिटं आटवला, सगळं ती आलेखाच्या कागदावर रकाने पाडून लिहू लागली. प्रयोग क्रमांक एक, प्रयोग क्रमांक दोन. चौथा प्रयोग खाऊन सासूने बशी बोटाने पुसून घेतली. ही बाई कधी कुणाची स्तुती करत नसे, त्यामुळे पुसलेली बशी हेच प्रमाणपत्र.

“ते काळं पुन्हा कर गं,” सासू म्हणाली.

कोपऱ्यावर एक छोटं उपाहारगृह होतं. तिथल्या मालकिणीला सगळे चष्मेवाली म्हणत, कारण तिचा एक चष्मा डोळ्यांवर असे आणि दुसरा डोक्यावर, आणि ती तिसरा शोधत असे. भात आणि भाजलेली कोंबडी ही तिची मुख्य विक्री. सुनेने एक वाटी सॉस तिला नेऊन दिला. चष्मेवालीने गल्ल्यामागे उभ्या-उभ्या दोन बोटं चाटली आणि म्हणाली, “माझ्या बाटलीतल्या सॉसला आजकाल नुसतं रंगाचं पाणी म्हणतात लोक. गुरुवारी माझ्याकडे एका कचेरीचं जेवण आहे, चाळीस माणसं. एक मोठी बरणी कर. आवडला तर दर आठवड्याला तुझाच घेईन.”

सून घरी आली ती दोन-दोन पायऱ्या गाळत. सहा महिन्यांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी ‘तुझाच’ म्हणालं होतं.

बुधवारी दुपारी तिने मोठं पातेलं चढवलं. सासू डोळे तपासायला गेली होती. चौथ्या प्रयोगाच्या कागदावरचं सगळं तिने दहापट केलं, दोनदा पडताळलं, आणि सॉस अर्धा आटल्यावर बाहेर डोकावली.

“बाबा, जरा येता? चाखायला.”

चाखणकर वर्तमानपत्रामागे होते. हे बोलावणं येणार हे त्यांना दोन दिवसांपासून माहीत होतं आणि दोन दिवस ते त्यासाठी सर्दीची तयारी करत होते. पण सर्दीने दगा दिला.

“तुझी आई बघेल की,” ते म्हणाले. ‘आई’ म्हणजे सासू.

“आईंचं आपलं छान आणि वाईट. तुम्ही नेमकं सांगता. घरात चौतीस वर्षांची जीभ असताना मी बाहेर कशाला जाऊ?”

ते स्वयंपाकघरात आले. सुनेने चमचा, कोमट पाणी आणि एक रिकामा वाडगा मांडून ठेवला होता. ही मांडणी तिने कुणाकडून तरी ऐकून हौसेने केली होती. चाखणकरांनी चमचा भरला आणि सवयीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तशी ती झटकन वळून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“मी बघणारच नाही तुमच्याकडे. माझ्या तोंडावर सगळं दिसतं, ऑफिसात म्हणायचे. उगाच तुमच्या मतावर परिणाम नको.”

चाखणकरांपुढे आता फक्त एक पाठ आणि एक वेणी होती. वेणीवरून सॉस कळत नाही. त्यांनी तो तोंडात घेतला. गरम, चिकट. पाच अंक मोजले. मग सहावा, सातवा, आठवाही मोजला. थुंकले. चव नसलेल्या तोंडात चौतीस वर्षांचं एकच वाक्य तयार होतं आणि ते आपण होऊन बाहेर आलं.

“मीठ जरा कमी.”

सून वळली. “कमी? सोया सॉस खारटच असतो म्हणून मी वरून घातलंच नाही.”

“तेच म्हणतोय.”

“किती घालू?”

एवढ्या पातेल्याला किती हे चाखणकरांना माहीत नव्हतं. कारखान्यात माप मुठीचं होतं आणि मूठ कढईवाल्याची होती. “दोन मोठे चमचे,” ते म्हणाले, कारण दोन हा आकडा विचारपूर्वक वाटतो.

तिने घातले. ढवळलं. स्वतः चाखलं, आणि तिच्या भुवया वर गेल्या. “बाबा, मला तर खारट लागतंय. खूपच.”

इथे चाखणकरांना संधी होती. दार उघडं होतं, घरात तिसरं कुणी नव्हतं, आणि बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते पुढे कित्येकदा त्या क्षणापाशी परत गेले आणि दर वेळी स्वतःला तेच बोलताना त्यांनी ऐकलं.

“मघापासून चाखतेयस ना? दहा-बारा चमच्यांनंतर जीभ थकते. मग खारट नसलेलंही खारट लागतं. आमच्याकडे नव्या पोरांचं नेहमी व्हायचं.”

“असं असतं होय?”

“असतं.”

“मग हा झालाय?”

त्यांनी पुन्हा चमचा बुडवला, चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली. रेघ मिटत नव्हती. दाटपणा त्यांना डोळ्यांनी कळत होता, तेवढ्यापुरते ते अजून तज्ज्ञ होते. “पास,” ते म्हणाले.

सुनेचा चेहरा उजळला. कागदावर तिने व्यवस्थित अक्षरात लिहिलं: मीठ, दोन मोठे चमचे, बाबांच्या सांगण्यावरून.

गुरुवारी ती अकरा वाजता बरणी घेऊन गेली आणि तीन वाजता बरणी घेऊन आली. बरणी पाऊण भरलेली होती. तिने ती ओट्यावर ठेवली, चपला काढायच्या राहिल्या होत्या म्हणून परत दाराशी जाऊन काढल्या, आणि मग बसली.

“काय झालं?” सासूने विचारलं.

“पहिल्या दहा ताटांवर घातला. दहाच्या दहा ताटं परत आली. एक जण तर गल्ल्यापाशी येऊन म्हणाला, समुद्राचं पाणी आटवून आणलंय का? मग त्यांनी बाटलीतला घातला उरलेल्यांना.” ती अगदी सपाट आवाजात बोलत होती. “बाई काही वाईट नाही बोलल्या. चांगलं बोलल्या, तेच वाईट वाटलं. म्हणाल्या, होतं असं, घरचं एक वाटी करणं वेगळं नि बरणी करणं वेगळं.”

सासूने बरणीत बोट बुडवलं, तोंडात घातलं आणि सरळ मोरीकडे धावली. चूळ भरून आली ती नवऱ्याकडे बघत. “अहो, तुम्ही चाखला होता ना?”

चाखणकरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी सून बोलली.

“बाबांनी पास केला तेव्हा ठीकच असणार, आई. नंतर धुतलेली बरणी वाळेपर्यंत मी तो मंद आचेवर तसाच ठेवला. दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात आटून खारट झाला. माझीच चूक आहे. खारट लागत होतं मला, तरी कळलं नाही. माझ्या जिभेचा काही भरवसाच नाही.” मग चाखणकरांकडे वळून म्हणाली, “बाई विचारत होत्या, कुणाला चाखायला दिला होतास का. मी नाही म्हटलं. तुमचं नाव घेतलं नाही बाबा, काळजी करू नका. एवढ्या वर्षांच्या नावाला माझ्यामुळे डाग नको.”

“हं,” चाखणकर म्हणाले.

चौतीस वर्षांत त्यांनी हजारो घाणे परत पाठवले होते. स्वतःचा हा एक घाणा त्यांनी एका अक्षरात पास करून टाकला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना त्या दुपारी कळलं. मेलेल्या माणसाला निदान संध्याकाळी जेवायला बसावं लागत नाही.

पुढचे दिवस घरात काहीच घडलं नाही, आणि तेच वाईट होतं. आलेखाचे कागद कपाटात गेले. सून पुन्हा अर्ज लिहू लागली. पण एक नवी गोष्ट तिला लागली होती. चहा केला की कप सासूपुढे धरायची. “आई, साखर बघता?” सूप केलं की, “आई, मीठ आहे ना?” एकदा तर केळं खाताना म्हणाली, “हे जरा उतरलंय का हो, की मलाच तसं लागतंय?” चांगली धडधाकट जीभ होती पोरीची. आणि ती आता तोंडात असूनही असल्यासारखी वापरता येत नव्हती.

“काय गं, तुझ्या तोंडात काय लाकूड बसवलंय?” सासू एकदा वैतागून म्हणाली. सून ओशाळून हसली. चाखणकरांनी वर्तमानपत्र उंच धरलं. आपला रोग स्पर्शाने कुणाला देता येत नाही, पण शब्दाने देता येतो, हे त्या वर्तमानपत्रात कुठेही छापलेलं नव्हतं, तरी आपण तेच वाचतोय असं त्यांना वाटलं.

आठव्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावर गेले. दुपारची उतरती वेळ. दोन-तीन टेबलांवर माणसं होती. चष्मेवाली गल्ल्यावर बसून रुमालाच्या घड्या घालत होती.

“त्या दिवशीच्या सॉसबद्दल आलोय,” चाखणकर म्हणाले. “मी तिचा सासरा. चूक तिची नव्हती. मीठ मी घालायला सांगितलं.”

चष्मेवालीने डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांना नीट पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. “बसा काका. अहो, लोक सुनेच्या चुका पंचक्रोशीत सांगत फिरतात. तुम्ही अंगावर घ्यायला आलात. सासरा असावा तर असा!” मग आतल्या दिशेने ओरडली, “अरे, काकांना चहा आण रे!”

चाखणकर खुर्चीत कानकोंडे होऊन बसले. ते गुन्हा कबूल करायला आले होते आणि त्यांचा सत्कार होत होता. “मी खरंच सांगतोय,” ते म्हणाले.

“तेच तर. खरंच वाटेल असं सांगताय.”

“मला चव कळत नाही,” चाखणकर म्हणाले. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटल्यामुळे ते फारच मोठ्याने निघालं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली. “खारट, गोड, काही कळत नाही. साडेतीन वर्षं झाली. आणि मी चाखण्याच्याच कामावर होतो.”

“चेष्टा करता काका.”

“चमचाभर मीठ द्या.”

तिने दिलं नसतं. पण मिठाचं भांडं टेबलावरच होतं. त्यांनी चमचा भरला आणि तोंडात घातला. जुन्या सवयीने डोळे मिटले, पाच अंक मोजले. तोंडावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. मग थुंकायला भांडं शोधलं. ते अर्थातच नव्हतं. चारचौघांत जमिनीवर थुंकणं त्यांच्याच्याने होईना, म्हणून त्यांनी ते गिळून टाकलं.

“अहो, थुंका! थुंका हो!” चष्मेवाली पाण्याचा तांब्या घेऊन धावली. डोक्यावरचा चष्मा खाली पडला. शेजारच्या टेबलावरचा माणूस जेवण सोडून बघत राहिला होता. चाखणकर दोन पेले पाणी प्यायले आणि लागोपाठ खोकले. डोळ्यांतून पाणी आलं, ते मिठाचं की कशाचं ते कुणी विचारलं नाही.

चष्मेवालीने रिकामा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाली, “आणि पोर तर म्हणाली, कुणाला चाखायला दिला नव्हता.”

“माझं नाव वाचवत होती.”

“आणि तुम्ही वाचवू दिलंत.” तिने खाली पडलेला चष्मा उचलून पुसला. “मला कशाला सांगताय हे सगळं, काका? मी काय करू याचं? तिला सांगा ना.”

घराकडे चालत चार मिनिटं लागतात. चाखणकरांना वीस लागली.

सासू-सून दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. चाखणकर दारात उभे राहिले. रस्त्यात त्यांनी एक चांगली सुरुवात जुळवली होती, तापापासून डॉक्टरांपर्यंत. ती उंबऱ्यापाशीच सांडली.

“मला चव लागत नाही,” ते म्हणाले.

“औषध घ्या मग. तोंड आलं असेल,” बायको शेंगांवरून नजर न काढता म्हणाली.

“तसं नाही. लागतच नाही. त्या तापापासून.”

बायकोचे हात थांबले. सुनेने मात्र हातातली शेंग नीट सोलली, दाणे वाडग्यात टाकले, आणि मग विचारलं, “म्हणजे बुधवारी?”

“बुधवारी पण.”

“मग मीठ कमी आहे हे कसं कळलं तुम्हाला?”

“नाही कळलं. मी म्हटलं आपलं.”

“आणि मी म्हटलं मला खारट लागतंय, तेव्हा?”

“तेव्हाही म्हटलं आपलं.”

सुनेने वाडग्यातले दाणे बोटाने एका बाजूला सारले. “म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, एखाद्या नकाशावरचं अंतर मोजावं तशी, “मला खारट लागलं, तेव्हा तो खारटच होता?”

“हो.”

“माझी जीभ थकली नव्हती?”

“नाही. तुला लागलं तसंच होतं ते.”

तिने डोळे मिटले. चाखणकरांना वाटलं आता ती रडेल, आणि ते त्याला तयार होते. रडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवता येतो. पण ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो फार दिवसांनी आल्यामुळे नीट बसायला जागा शोधत होता.

“आठ दिवस बाबा! आठ दिवस मी केळं खाऊन विचारतेय, उतरलंय का! तुम्ही तिथेच बसला होतात, हातभर अंतरावर! पेपर वाचत!”

“हो.”

“नुसतं हो काय म्हणता?”

एवढ्यात बायकोला हिशेब सुचला. ती उठून उभी राहिली.

“थांबा, थांबा. ती मिरी? रोज उठून मिरी पुढे आलीय, मिरी पुढे आलीय! मी कमी करत-करत मिरी घालायचीच सोडली हो या घरात! दोन वर्षं झाली! त्यानंतरही तुम्हाला पुढे येतच होती ती! मला वाटायचं माझ्याच हाताला काहीतरी झालंय. शेजारणीला नेऊन दिलं मी सूप एकदा, चाखून बघ म्हणून!”

चाखणकरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी एक खड्डा खणला होता असं त्यांना वाटत होतं. घरात आणखी कुठेकुठे जमीन पोखरली गेली होती ते आता एकेक करून दिसत होतं.

“आता सांगायचं कसं सुचलं?” बायकोने विचारलं.

“कोपऱ्यावर जाऊन आलो. त्या बाईंना सांगितलं, चूक माझी होती म्हणून.”

सुनेने झटकन वर पाहिलं. “त्यांना आधी सांगितलंत?”

“वाटलं, तुझं काम परत—”

“परक्या बाईला आधी. आणि मला नंतर.”

याचा चाखणकरांनी विचारच केला नव्हता. ते आपल्या धैर्याची थोडीशी, अगदी चिमूटभर, पाठ थोपटत घरी आले होते. आता कळलं की ते धैर्यही चुकीच्या दारात खर्च करून आले होते. परक्या माणसापुढे लाज सोपी असते. ती तिथेच ठेवून येता येते.

“माझं चुकलं,” ते म्हणाले.

“हो,” सून म्हणाली. आणि वाडगा उचलून आतल्या खोलीत गेली.

पुढच्या सोमवारी तिने पातेलं चढवलं. चाखणकरांना कुणी बोलावलं नाही. ते बाहेरच्या खोलीत बसून आतले आवाज ऐकत होते: किसणी, वजनकाट्यावर ठेवलेली वाटी, कागदावर पेन्सिल. मध्येच सारं शांत झालं. चाखत असणार. सासूला हाक जाईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. हाक गेली नाही. थोड्या वेळाने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

मंगळवारी ती बरणी घेऊन चष्मेवालीकडे गेली, रिकामी घेऊन आली, आणि ही बातमी तिने सासूला दिली. चाखणकर बाजूच्या खुर्चीवर होते. बातमी त्यांच्यावरून वळसा घालून गेली. चष्मेवालीने पुढच्या आठवड्याची ऑर्डरही सांगितली आहे, म्हणाली. दोन बरण्या. सासू म्हणाली, “बघ! म्हटलं नव्हतं!” तिने काहीच म्हटलेलं नव्हतं, पण आनंदात एवढं चालतं. चाखणकरांना काहीतरी बोलावंसं वाटलं. पण अभिनंदन म्हणजेही शेवटी एक अभिप्रायच, आणि अभिप्राय द्यायचा आपला परवाना गेला आहे हे त्यांना ठाऊक होतं.

रात्रीच्या जेवणात भात होता, भाजलेली कोंबडी होती, आणि वाटीभर सॉस मागे ठेवलेला होता. सुनेने तिघांना वाढलं. चाखणकरांनी घास घेतला. मऊ, गरम, थोडं चिकट. पुढे काही नाही. ते खाली मान घालून चावत राहिले. बायकोने दुसरा घास घेतला तेव्हा त्यांनी मुद्दाम भिंतीकडे पाहिलं.

“गोड आहे आधी,” सून म्हणाली.

कुणाशी बोलतेय ते त्यांना पटकन कळलं नाही. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. आपल्याच ताटात भात कालवत होती, आणि आवाजात माया वगैरे काही नव्हती. औषधाच्या खोक्यावरची सूचना वाचावी तसा तो आवाज होता.

“मग आलं येतं. जरासं घशाशी. लसूण कळतो न कळतो. खारट शेवटी, आणि बेताचं.” ती थांबली, अजून एक घास घेतला, पुन्हा तपासून पाहिलं. “हो. बेताचंच.”

चाखणकरांचे कान तापले. त्यांनी मान डोलावली नाही. नुसतं ऐकलं, आणि तिने सांगितलं त्याच क्रमाने तो घास हळूहळू गिळला.